बदलीवाला येईस्तोवर

ये गं, अशी जवळ येऊन बस. जवळ म्हणजे हा कागद जवळ घे आणि तो मोबाईल पालथा ठेव. माझ्याशी बोलताना तुझं अर्धं लक्ष त्याच्यात असतं, मला इथून कळतं ते. परवा फोन केलास आणि काय म्हणालीस? "आजी, या वेळीही सुट्टी नाही भेटली. ठाण्यात माणसं कमी आहेत." एवढं बोललीस आणि ठेवून दिलास. म्हातारीचं ऐकून तरी घ्यायचं होतं. दिवाळीला हेच, बुद्धपौर्णिमेला हेच. अगं पोरी, अंगावर वर्दी तू आत्ता चढवलीस. 'माणसं कमी आहेत' हे वाक्य मी तुझी आई परकर नेसत होती तेव्हापासून ऐकत आले. त्या वाक्यात मी किती वर्षं कोंडून घातली ते तुला कुणी सांगितलं नाही. तुझे आजोबा असते तर हसत हसत सांगितलं असतं. ते सगळंच हसत सांगायचे, मला राग यायचा त्याचा. मी माझ्या रीतीनं सांगते. लिहायला मला कोणी शिकवलं नाही, तेव्हा माझे ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

पांढरकवड्याहून जंगलात आत जायचं. ट्रकचा रस्ता संपतो आणि बैलगाडीची चाकोरी लागते, तिथं आमची पोलीस चौकी होती. कौलारू, दोन खोल्यांची, मागं तीन क्वार्टर. एकात जमादार, एकात आम्ही, तिसरं रिकामं. पुढं नाला. पावसाळ्यात नाला भरून आला की पलीकडच्या जगाच्या लेखी आम्ही नव्हतोच. भोवती सागाचं रान, मधून मधून कोलामांच्या वस्त्या, पोड म्हणतात त्यांना, आणि चौकीच्या मागं एक लहान गाव. गावात चौथीपर्यंत शाळा. एक गुरुजी, तेही आले तर.

चौकीच्या भिंतीवर काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं होतं, जमादार एक, शिपाई चार. ती सरकारची मंजुरी. खरी माणसं दोन. जमादार, ज्यांचे गुडघे धरले होते आणि जे पेन्शनची वाट बघत खाटेवर बसून डायरी लिहायचे, आणि तुझे आजोबा. समन्स बजावायला तेच, गस्तीला तेच, बाजाराच्या दिवशी बंदोबस्ताला तेच, नाल्यात मढं सापडलं तर रात्रंदिवस राखण बसायलाही तेच. एकदा जत्रेत ते मला म्हणाले, "पाह्य, आपल्या चौकीचे चारही शिपाई एकाच चपलेत आले." मी हसले नाही. त्या चपलेचा तळ मीच शिवून दिला होता.

माणसं नव्हती कशानं, तर आधी आपला मुलूख मध्यप्रदेशातून काढून मुंबईकडं जोडला तेव्हा हिंदी बोलणारी शिपाई मंडळी आपापल्या गावाकडं, जबलपूर-सागरकडं निघून गेली. त्यांच्या जागा भरायच्या राहिल्या. भरती होत नव्हती असं नाही. यवतमाळला मैदानावर पोरं पळवायचे, उंची घ्यायचे, छाती मोजायचे, नावं लागायची. पण नाव लागलेला माणूस आमच्या नाल्यापर्यंत येईस्तोवर कुठंतरी गळून पडायचा. कुणाला हिवताप यायचा, कुणाची आई आजारी पडायची, कुणाचे मामा नागपूरला मोठ्या साहेबांच्या ओळखीचे निघायचे.

आता माझं काय अडलं होतं ते ऐक. तुझी आई चौथीत होती, सहामाहीत पहिली आली. शाळेत पोरंच मोजकी होती, पण पहिली ती पहिलीच. आम्ही छप्पन साली पांढरे कपडे घालून नागपूरला गेलतो, दीक्षा घेऊन आलो. त्या दिवसापासून आमच्या घरातला देव्हारा उठला आणि त्याच जागी तुझ्या आईची पाटी ठेवली होती. ती पाटीवर गिरवायची, मी चुलीपुढच्या राखेत. अशी मी अक्षरं शिकले. तिनं पाचवीत जायचं, पुढं जायचं, हे आमच्या घरात ठरवावं लागलं नाही, ते ठरलेलंच होतं. पण पाचवी पांढरकवड्याला. आणि पांढरकवड्याला आम्ही राहणार कुठं? पोलीस लाईनीत क्वार्टर मिळायचं तर तिथं बदली हवी. मी एकटीनं पोरीला घेऊन खोली करावी म्हटलं तर खोली देणार कोण? धर्म आम्ही बदलला होता, घरमालकांनी काहीच बदललं नव्हतं. मुलींचं वसतिगृह जवळपास नव्हतं.

तर बदलीचा अर्ज केला, आणि तू म्हणशील नशीब, ती मंजूर झाली. होळीच्या सुमाराला हुकूम आला. मी त्याच दिवशी ट्रंक भरली. तुझे आजोबा म्हणाले, "अवं, खाली वाच नं." खाली लिहिलं होतं की बदलीवाला हजर होऊन चार्ज घेईल तेव्हा यांनी निघायचं. तोवर जागा सोडायची नाही.

"येईल नं बदलीवाला," मी म्हटलं. "कायले नाही येणार?"

"येईल. ट्रंक राहू दे भरून."

ती ट्रंक भरलेलीच राहिली. रोज सकाळी त्यातून लुगडं काढायचं, दुपारी धुऊन संध्याकाळी परत घडी घालून ठेवायचं. भांडीसुद्धा मी पोत्यात बांधली होती, कढई लागली की पोतं सोडायचं, काम झालं की बांधायचं. माझ्या घरात मीच पाहुणी झाले होते. तुझी आई विचारायची, "माय, उद्या जायचं का?" मी म्हणायचे, "उद्या नाही, पण जायचं."

पहिला बदलीवाला आला तो यवतमाळ शहरातला. डोक्याला तेल, बुटाला पॉलिश. नाला उतरताना त्यानं गाडीवानाला विचारलं, "ही कोणती नदी?" गाडीवान म्हणाला, "हा नालाच आहे जी. नदी मागं गेली, खुनी नदी." नदीचं नावच खुनी म्हटल्यावर त्याचा चेहरा जो पडला तो मग वर आलाच नाही. चौकीत येऊन त्यानं पहिलं विचारलं, इथं लाईट कधी येणार. जमादार म्हणाले, "अंधार पडला का येते, कंदिलात." चार्ज घ्यायच्या आधीच त्याचं पोट दुखायला लागलं. पांढरकवड्याच्या दवाखान्यात दाखवून येतो म्हणून गेला, तो गेलाच.

दुसरा आला तो वयानं मोठा. माणूस वाईट नव्हता. पण आमच्या हातचं खायचं नाही, आमच्या घागरीचं प्यायचं नाही. स्वतः तीन दगड मांडून स्वयंपाक करायचा. मी काही बोलले नाही; आपल्याला चार्ज द्यायचा आहे, सोयरीक करायची नाही. पण उन्हाळ्याचे दिवस, गस्तीवरून यायचं आणि मग ओलं लाकूड फुंकत बसायचं, भाकर कधी कच्ची कधी कोळसा. एके दिवशी तो धुरानं डोळे पुसत बसला होता. मी म्हटलं, "दादा, वरण देऊ का?" त्यानं मान हलवली आणि जास्तच डोळे पुसायला लागला. पुढच्या बाजाराच्या ट्रकनं त्यानं बिस्तरा टाकला. अर्धा चार्ज घेतला होता, तो परत आमच्याच गळ्यात आला.

मग मी तुझ्या आजोबांना म्हटलं, "राजीनामाच देऊन टाका. मजुरी करू पांढरकवड्याले, पण पोट्टी शिकेल."

त्यांनी ठाणेदारांना विचारलंही, हसत हसतच. ठाणेदार म्हणाले, "दे नं बाप्पा राजीनामा. पण तो मंजूर होईस्तोवर जागा सोडता येणार नाही, आणि तुह्या जागी माणूस आल्याशिवाय तो मंजूर होणार नाही." म्हणजे नोकरीत राहायलाही बदलीवाला लागत होता आणि नोकरी सोडायलाही. त्या दिवशी तेसुद्धा हसले नाहीत.

मला तेव्हा एक सुचलं. रिकाम्या क्वार्टरची मी बसल्या बसल्या डागडुजी करायचे, भिंती सारवायचे, तेव्हा सुचलं. आपण बदलीवाल्याची वाट बघतो, पण तो इथं राहावा म्हणून करतो काय? आल्या आल्या त्याला हिवतापाच्या गोष्टी सांगतो, अस्वल कुठं आलं होतं ते दाखवतो, आणि मग म्हणतो, पळाला. आता येईल त्याला मी पळू देणार नाही.

तिसरा आला तो पोरसवदा, ओठावर मिसरूड, गळ्याची घाटी वर-खाली होणारा. घरचा शेतकरी, पांढरकवड्याच्याच कडेला घर, थोरला भाऊ कापूस करायचा. घर एवढं जवळ आणि तरी जाता येत नाही, याचं त्याला दुःख जास्त. पहिल्या दिवशी पायरीवर बसून राहिला. मी कढीगोळे केले होते. वाटी घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "आमच्या घरचं चालते का तुले? नसन चालत तर आत्ताच सांग, सरपण देतो." आमच्याकडं बायासुद्धा देतो-घेतोच म्हणतात, तू हसतेस त्याला, हस.

तो वाटीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, भूक लागली का सगळंच चालते. फक्त माह्या मायले सांगू नका."

मी त्याला एक ताट वेगळं काढून दिलं, आमच्या ताटांच्याच रांगेत मांडणीवर उभं केलं आणि म्हटलं, हे तुझं. सकाळ-संध्याकाळ तो आमच्यात जेवायला लागला. वांगं खायचा नाही, तुझी आई त्याला चिडवायची, "शिपाईकाका वांग्याले भेते." तो वांगंही खायला लागला. तुझ्या आजोबांनी त्याला पोडावर नेलं, माणसांच्या ओळखी करून दिल्या, कुणाच्या अंगणात बूट काढायचे, कुणाशी आधी पिकाचं बोलायचं आणि मग समन्स काढायचं, हे शिकवलं. पोडावरच्या बाया त्याला चारोळ्या आणून द्यायच्या. ताप आला तेव्हा मी त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि मनात म्हणत राहिले, बाबा, बरा हो, पळू नको, बरा हो.

तो बरा झाला. खाटेवर उठून बसला तेव्हा मला म्हणाला, "वहिनी, भरतीत माही छाती कमी भरत होती. मोजायच्या टायमाले श्वास कोंडून धरला अन् पास झालो. तेव्हापासून असं वाटते का तो श्वास सोडताच येऊन नाही राह्यला." मी म्हटलं, "सोड आता. इथं कोणी मोजत नाही." आणि तो राहिला. खरंच राहिला. गस्तीला एकटा जायला लागला. तुझे आजोबा चार्जची यादी करायला बसले, बंदुका, बेड्या, कंदील, घोंगड्या. मी पोतं घट्ट बांधलं.

ठाणेदार तपासणीला आले तेव्हा उन्हाळा सरत आला होता. शाळा उघडायला थोडेच दिवस. मी त्यांच्यासाठी पाटोडीची भाजी केली, गव्हाची पोळी केली; गहू आमच्या घरात सणाचा. चौकीच्या खोलीत त्यांचं जेवण, आणि मी दाराआड, वाढायला लागलं तर असावं म्हणून. साहेब खूश होते. नवा शिपाई टिकला, असं कुठल्याच चौकीत होत नव्हतं त्या दिवसांत. त्यांनी त्याला उभं केलं आणि विचारलं, "काय रे, इथं राहशील नं? का तूही चाललास?"

तो टाचा जुळवून म्हणाला, "राहीन जी साहेब. वहिनी आहे तोवर मले काही कमी नाही."

त्यानं माझं नाव काढलं ते चांगल्यासाठीच. त्याला वाटलं, साहेबांपुढं वहिनीचा मान वाढवला. मी दाराआड हातात पोळ्यांची चळत धरून उभी होते आणि मला तेव्हाच कळलं. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. मग तुझ्या आजोबांना म्हणाले, "अरे, मग तुले कायले हलवू मी? तू गेला, तुही बायको गेली, म्हणजे हा पोट्टा आठ दिवसांत पळाला. मंग चौकीत कोण, जमादाराचे गुडघे? मी वर लिहितो, या दोघांले इथंच राहू द्या. जोडी चांगली जमली." आणि हसून वर आणखी म्हणाले, "बाईच्या हाताले चव आहे, बरं का. असं जेवण मिळालं तर मीही इथंच राह्यलो असतो."

मी पोळ्या वाढल्या. काय करणार? वाढल्या.

साहेबांची जीप गेली तेव्हा मी चुलीपुढं बसले. तुझे आजोबा दारात आले.

"बोल नं काही," ते म्हणाले.

"काय बोलू? मीच त्याले खाऊ घातलं. माह्याच हातानं आपल्या दाराले कडी लावली."

"तसं नाही. माणसं कमी आहेत..."

"ते वाक्य या घरात पुन्हा काढायचं नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी तो पोरगा रोजच्यासारखा जेवायला आला, शीळ घालत. मी त्याचं ताट मांडणीवर उपडं घालून ठेवलं होतं. त्यानं बघितलं. आधी वाटलं असेल धुऊन निथळत ठेवलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तसाच खाली बसला. तुझी आई उठली, ते ताट सुलटं केलं, त्यात भाकर ठेवली आणि त्याच्यापुढं सरकवलं. तेव्हा ती इतकीशी होती. मला म्हणाली, "माय, शिपाईकाकानं काय केलं?" खरंच काय केलं होतं त्यानं? टिकून राहिला होता, मीच टिकवला होता.

तुझ्या आजोबांनी त्याला बदलीचं आणि पाचवीचं सगळं सांगितलं. त्याला हे माहीतच नव्हतं. आम्ही सांगितलं नव्हतं, सांगितलं तर तो दबेल म्हणून. त्यानं घास ताटात परत ठेवला.

"भाऊ, मंग मी पळून जातो," तो म्हणाला. "उद्याच जातो. मंग साहेब तुम्हाले..."

"गधा आहेस," आजोबा म्हणाले. "तू पळाला तर माह्या जागेवर कोण? आम्ही अजूनच अडकलो."

तो गेला तरी आम्ही अडकणार होतो, राहिला तरी अडकणार होतो. कंदिलाभोवती आम्ही चौघं बसलो होतो आणि चौघांतला एकही हलू शकत नव्हता. आता तुझ्या ठाण्यातली माणसं कमी आहेत म्हणतेस, तेव्हा मला तो कंदील दिसतो.

त्या पोरानं काय केलं, तर लाकडाच्या ट्रकवाल्याबरोबर आपल्या आईला निरोप धाडला, एकदा येऊन जा म्हणून. ती बाई आली. सागाचे ओंडके न्यायला येणाऱ्या रिकाम्या ट्रकात पुढं ड्रायव्हरजवळ बसून आली, नऊवारी खोचलेलं, कपाळावर मोठं कुंकू, कमरेला किल्ल्या. सोबत स्वतःची शिदोरी. मी पाणी दिलं नाही, विचारलंही नाही. तिला संकटात कशाला टाकायचं. ती चौकीच्या ओट्यावर बसून शिदोरी सोडून जेवली. मग पोराला म्हणाली, "तू जेवतो कोठी?"

तुझी आई म्हणाली, "आमच्या घरी."

ती उठली आणि आमच्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत नाही, बाहेरही नाही. तिची नजर मांडणीवर गेली. आमची तीन ताटं, चौथं त्याचं. तिला कुणी सांगावं लागलं नाही, शेवटचं ताट कुणाचं ते. पोरानं खिळ्यानं त्याच्यावर आपलं अक्षर कोरलं होतं. मला वाटलं, आता पोराच्या नावानं बोटं मोडेल, किंवा माझ्या.

"वांगं खाते का?" तिनं विचारलं.

"आता खाते," मी म्हटलं.

"माह्या घरी कधी खाल्लं नाही या भाड्यानं." आणि डोळ्याला पदर लावला. "ताप आलता म्हणे त्याले."

"आलता. उतरला."

ती मग उंबऱ्यावरच बसली. पोरानं तिला सगळं आधीच सांगितलं होतं वाटतं, ओट्यावर. कारण ती एकदम म्हणाली, "माहा पोरगा तुमच्या सरकारनं इथं ठेवून घेतला. तो तुमच्याकडं जेवते. मंग तुमची पोरगी माह्याकडं जेवंल. शाळा आमच्या घराच्या मागंच आहे. धाडून द्या."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. बाई खरी होती, आडपडदा नव्हता. म्हणाली, "पण सांगून ठेवतो. माही सासू जित्ती आहे. तिच्यापुढं माहं चालत नाही. पोरीचा गिलास वेगळा ठेवावा लागंल. बाकी पोटच्या पोरीवानी पाहीन."

तुझे आजोबा मागं उभे होते. ते म्हणाले, "नको. त्या गिलासापायीच नं आपण नागपूरले गेलतो? मंग पुन्हा त्याच गिलासात पोरीले कायले घालू? अडाणी राहील, पण नको." इतक्या कडक आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, गुन्हेगाराशीसुद्धा नाही.

ते खरं तेच बोलत होते. मीही तेच म्हटलं असतं. पण दारात ती बाई, पलीकडं भरलेली ट्रंक, बांधलेलं पोतं, आणि शाळा उघडायला आलेली. मी उठले, पोतं सोडलं आणि तळाशी हात घालून माझ्या आईनं लग्नात दिलेला पितळेचा गिलास काढला. त्या बाईपुढं ठेवला.

"मावशी," मी म्हटलं, "तुमच्या घरात माह्या पोरीसाठी वेगळा गिलास तुम्ही ठेवायचा नाही. ती तिचा गिलास घेऊन येईल. तो तिचा आहे म्हणून वेगळा. कोणी विचारलं तर तिनं हेच सांगायचं अन् तुम्हीही हेच सांगायचं. चालते का?"

तिनं गिलास हातात घेतला. माझ्या घरातला, माझ्या हातचा गिलास. फिरवून बघितला. "जड आहे," म्हणाली. "चालते."

आजोबा अंगणात निघून गेले. रात्री जेवताना मला एवढंच म्हणाले, "तुले बरं सुचते." रागानं की कौतुकानं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुझी आई त्याच ट्रकनं गेली. पोलिसात बदलीवाला आल्याशिवाय कुणी सुटत नाही. आमच्या घरात सुटायचं तर एकीनंच सुटायचं होतं, ती सुटली. ओंडक्यांच्या पुढं दोघी बसल्या होत्या. तुझी आई मागं बघत होती की गिलास सांभाळत होती, धुळीत मला दिसलं नाही. तो पोरगा नाल्यापर्यंत ट्रकामागं धावत गेला आणि परत येऊन पायरीवर बसला, पहिल्या दिवशी बसला होता तसाच. मग मला म्हणाला, "वहिनी, आज वांगंच करा." मी केलं.

त्या दिवशी मी ट्रंक उघडून सगळे कपडे खुंट्यांवर टांगले. पोतं झटकून दारात पाय पुसायला टाकलं. कळलं नं? राहायला लागले मी तिथं. नाला भरला की पोरीची खबर नाही, ओसरला की ट्रकवाल्याकडून कळायचं, बरी आहे, पाढे म्हणते. दिवाळीला यायची तेव्हा उंच होऊन यायची, आणि मी तिला ओळखायला दारात क्षणभर थांबायचे. बोलणं तिचं बदललं होतं. मला दुरुस्त करायची, "आई, मले नाही, मला." मी म्हणायचे, हो बाई, मला.

आणि त्या पोराची गंमत सांगते. त्याची बदली आमच्या आधी झाली. त्याच्या जागी दुसरा एक गडी आला, आणि ठाणेदार बदलले तरी नव्या ठाणेदारांनी तेच म्हटलं, वहिनी आहेत तोवर हाही टिकेल. त्यालाही मी ताट दिलं. त्याच्यानंतरच्यालाही. उपडं कुणाचंच ठेवलं नाही मी पुन्हा. त्यांचं तरी काय चुकलं होतं, तेही आमच्यासारखेच अडकलेले. आम्ही सुटलो कसे, तर एक दिवस ती चौकीच उठवली. माणसं नाहीत म्हणून. काळी पाटी काढून बैलगाडीत टाकली, जमादार एक, शिपाई चार, आणि आम्ही त्याच गाडीत मागं बसलो. तोवर तुझी आई मॅट्रिकला बसत होती.

त्या घरात तो गिलास किती दिवस वेगळा राहिला, केव्हा बाकीच्या गिलासांत मिसळला, हे तिलाच विचार. मला ती एक सांगते, तुझ्या बापाला दुसरं, आणि खरं काय ते तिनं गिळून टाकलं असेल. मी फार उकरत नाही. परत आणला मात्र तिनं तो, घासून पुसून.

तो आता माझ्या उशाशी आहे. तुझ्यासाठी ठेवला आहे, पण टपालानं पाठवणार नाही, कुणाच्या हातीही नाही. येऊन घेऊन जा. तुझ्या साहेबांना सांग, आजीनं बोलावलंय. ते म्हणतील, बदलीवाला आला की जा. मग तू त्यांना विचार, येणारा जेवतो कुठं, झोपतो कुठं, कोणी त्याला दोन शब्द गोड बोलतं का. ते बघा आधी, म्हणावं, मग येईल माणूस. आणि नाही आला तरी तू ये. एक दिवस ये, बसून लगेच जा, पण लवकर ये. तुझं ताट मी सुलटंच ठेवलं आहे, आणि वांगं तुला आवडत नाही हे मला माहीत आहे.